कारंजा (लाड) येथील ऐतिहासिक घरे

महाराष्ट्र राज्याच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या जुन्या व्यापारी नगरातील वाडे, हवेल्या, दुकानघरे व सर्वसामान्यांची वस्ती. वाशिमच्या ईशान्येस सु. ६० किमी. व मूर्तिजापूरच्या दक्षिणेस सु. ३२ किमी. अंतरावर हे नगर वसले आहे. नरसिंह सरस्वतींचे जन्मस्थान व दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांचे केंद्र म्हणून कारंज्याची ख्याती सर्वत्र आहे. तथापि ज्या व्यापारी संपत्तीवर येथील मंदिरे व ग्रंथभांडारे उभी राहिली, तिचा अधिक जवळचा पुरावा येथील घरांत मिळतो. मंदिरांचे जतन त्यांचे उपासक करतात. घरांना असा कायमचा वाली नसतो. त्यामुळे कारंज्याच्या इतिहासाचे हे साधन आज सर्वांत वेगाने नष्ट होत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : करंज नावाच्या ऋषीवरून गावाला हे नाव मिळाले, अशी परंपरागत समजूत आहे. व्याधिग्रस्त झालेल्या या ऋषीने देवीची आराधना केली, तिने त्याच्यासाठी निर्माण केलेल्या तळ्यात स्नान करून तो रोगमुक्त झाला, अशी कथा सांगतात. गावातील ऋषी तलावाचा संबंध या कथेशी जोडला जातो. ‘लाड’ हे उपपद लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातच्या परिसरातून, आलेल्या लाड समाजावरून पडले असे मानतात. मोगल काळात ‘कारंजा बीबी’ असेही नाव प्रचारात होते. अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातील राजकन्येला हे गाव आंदण म्हणून दिले होते, असे त्याबाबत सांगितले जाते. राजस्थानातून आलेल्या बघेरवाल जैनांनीही येथे मोठी वस्ती केली. अशा रीतीने ऋषी, राजकन्या व परप्रांतीय व्यापारी या तिघांच्या आठवणी गावाच्या नावाभोवती गोळा झाल्या आहेत. परंतु गावाचे दृश्य स्वरूप घडविले ते मुख्यतः व्यापाऱ्यांनी.

सतराव्या शतकात कारंजा हे वऱ्हाडातील अत्यंत संपन्न नगरांपैकी एक होते. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारंजा लुटले. तलम कापड, सोने व चांदी मिळून सु. एक कोटी रुपयांची लूट चार हजार बैल व गाढवे यांवर लादून नेण्यात आली, असे जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे. खंडणीसाठी गावातील धनिकांना पकडण्यात आले; सर्वांत मोठा सावकार मात्र स्त्रीवेश करून निसटला, असेही त्यांच्या वृत्तांतात आहे. या आघातानंतरही नगर उजाड झाले नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची यात्रा करणारा श्वेतांबर जैन मुनी शीलविजय याने आपल्या तीर्थमालेत कारंज्यातील धनिकांचे व विशेषतः संघवी भोज या बघेरवाल गृहस्थाच्या औदार्याचे वर्णन केले आहे. लूट होऊनही व्यापार सावरला, याचे एक कारण असे की, व्यापाऱ्यांची संपत्ती केवळ रोकड व माल यांतच नव्हती, तर दूरदूरच्या पेठांतील पत व नातेसंबंध यांतही गुंतलेली होती.

अठराव्या शतकात वऱ्हाडच्या महसुलावर निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा हक्क होता. ही दुहेरी सत्ता व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची पेंढाऱ्यांची धामधूम यांमुळे धनिकांना संरक्षणासाठी सरकारपेक्षा स्वतःच्या भिंतींवर अधिक विसंबावे लागले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. घरांच्या दृष्टीने ही दोन कालखंडांमधील सीमारेषा होय. तिच्या अलीकडील व पलीकडील घरांची तोंडेच वेगळी आहेत.

नगररचना : जुने कारंजा तटबंदीने वेढलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच ही तटबंदी भग्नावस्थेत होती. दिल्ली, दारव्हा, पोहा व मंगरूळ या नावांच्या चार वेशींतून गावात प्रवेश होई. ही नावे त्या त्या वेशीतून निघणाऱ्या रस्त्यांची आहेत. पोहा, मंगरूळ व दारव्हा ही जवळची गावे, तर दिल्ली हे साम्राज्याच्या राजधानीचे नाव. यावरून स्थानिक बाजार आणि दूरचा व्यापार असे कारंज्याचे दुहेरी स्वरूप स्पष्ट होते.

तटाच्या आतील वस्ती दाट असून गल्ल्या अरुंद व वळणाच्या आहेत. वऱ्हाडच्या इतर जुन्या पेठांप्रमाणे येथेही एका जातीची किंवा व्यवसायाची घरे एकत्र असत. मंदिर, मशीद, विहीर किंवा पार यांभोवती असे मोहल्ले वसत. अरुंद गल्लीचे दोन उपयोग होते : समोरासमोरच्या उंच भिंतींची सावली दिवसाचा बराच काळ रस्त्यावर राही, आणि घोडेस्वारांच्या टोळीला गावात एकदम शिरणे अवघड जाई. मे महिन्यात या भागात तापमान बहुधा ४०° से. च्या वर जाते, हे लक्षात घेता पहिला उपयोगही दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा होता.

पाणीपुरवठ्यासाठी तलाव, विहिरी व मोठ्या घरांतील आड ही साधने होती. अंगणात स्वतःचा आड असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाई. त्यामुळे घरातील स्त्रियांचा पाण्यासाठीचा बाहेरचा फेरा वाचे व संकटकाळी दरवाजे बंद करून काही दिवस आत राहणे शक्य होई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची वस्ती मात्र मूळ गावाबाहेर असे. तटाने संपत्तीचे रक्षण केले, तसाच त्याने समाजातील भेदही जमिनीवर आखून ठेवला.

बांधकामसामग्री : वऱ्हाडातील खेड्यांच्या बोलीत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन व ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. हा केवळ भाषेचा संकेत नव्हे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या भिंती तडकतात. म्हणून वस्तीसाठी उंचवट्याची जागा निवडली जाई आणि पाया काळ्या मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत नेला जाई. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती व चुलींची राख साचून गावठाणाची माती फिकट व क्षारयुक्त बनते. हीच पांढरी माती भिंतींच्या सारवणासाठी व छपरांवर पसरण्यासाठी वापरीत. जुन्या घराच्या मातीतून नवे घर उभे राही.

भिंतीचा खालचा भाग काळ्या बेसाल्ट दगडाचा व वरचा कच्च्या किंवा भाजलेल्या विटांचा असे. भिंतीची जाडी एका हातापासून दोन हातांपर्यंत आढळते. संपन्न घरांत घाणीत मळलेला चुना वापरीत. इतरत्र मातीचाच गारा चाले. मात्र घराचा मुख्य आधार भिंत नसून सागवानी सांगाडा होय. दगडी उथळ्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर लाकडी हस्त, त्यावर तुळई व तुळयांवर कड्या अशी ही रचना असते. उथळ्यामुळे खांबाचे बूड जमिनीच्या ओलीपासून व वाळवीपासून सुरक्षित राहते. छपराचे वजन खांबांवर पडत असल्याने पावसात एखादी भिंत ढासळली, तरी घर उभेच राहते व भिंत पुन्हा बांधता येते. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणत. घराचा मोठेपणा खणांच्या संख्येवर सांगितला जाई. सागवान मेळघाट व यवतमाळकडील जंगलांतून येई. लाकडाची जाडी व त्यावरील कोरीवकाम यांवरून मालकाच्या ऐपतीचा अंदाज बांधता येतो.

छप्पर सामान्यतः सपाट मातीचे, म्हणजे धाब्याचे असे. इतरत्र यालाच माळवद म्हणतात. कड्यांवर फळ्या किंवा बारीक काटक्या अंथरून, त्यांवर पाल्याचा थर देऊन वर मातीचा जाड थर चोपून बसवीत. सर्वांत वर पांढरी माती असे. पाणी वाहून जाण्यासाठी कडेला पन्हळी ठेवीत. उन्हाळ्यात अशा घरात दिवसा गारवा राहतो आणि रात्री धाब्यावर झोपता येते. ज्वारी, मिरच्या व वड्या वाळविण्यासही ही जागा उपयोगी पडते. तथापि धाब्याला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी लागते. भेगा बुजविणे, उगवलेले गवत उपटणे, नवी माती पसरणे ही कामे चुकली, की पाणी मुरते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते आणि अखेर छप्पर बसते. उलटपक्षी, जुनी माती न काढता वर्षानुवर्षे नवे थर चढविल्यास छपराचे वजन धोकादायक होते. या घरांचे आयुष्य बांधणाऱ्याच्या कौशल्याइतकेच राहणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून होते. ऱ्हासाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

वाड्याची अंतर्रचना : जुन्या वाड्याची रस्त्याकडील बाजू बहुधा साधी, उंच व जवळजवळ बंद असते. खालच्या मजल्यावर खिडक्या नसतात किंवा छोटे झरोके असतात. जाड फळ्यांच्या दरवाजास लोखंडी पट्ट्या व खिळे ठोकलेले असून त्यातच माणूस वाकून जाऊ शकेल अशी दिंडी ठेवलेली असते. दरवाजामागे भिंतीच्या पोकळीत सरकणारा अडसर असतो. आत शिरल्यावर प्रथम देवडी लागते; तेथे पहारेकरी किंवा गडी बसे. देवडीतून सरळ चौकात दृष्टी जाऊ नये, म्हणून वाट एका बाजूस वळविलेली असते.

चौक हा वाड्याचा केंद्रबिंदू होय. त्याच्याभोवती ओसऱ्या, बैठक, माजघर, देवघर व स्वयंपाकघर यांची मांडणी केलेली असते. उजेड व वारा चौकातून मिळत असल्याने बाहेरच्या भिंतीत खिडक्यांची गरज उरत नाही. मोठ्या वाड्यांत दोन चौक असत : पुढचा पुरुषांचा व व्यवहाराचा, मागचा स्त्रियांचा व घरकामाचा. त्यामागे गुरांचा कोठा व परसू असे. ओसरीवर टांगलेली बंगई हे वऱ्हाडी घराचे खास वैशिष्ट्य. दुपारची विश्रांती, लहान मुलांना जोजविणे व पाहुण्यांशी गप्पा ही सर्व कामे तिच्यावर होत.

धान्य व धन साठविण्याच्या सोयी घराच्या बांधणीतच अंतर्भूत होत्या. दुहेरी भिंतींमधील पोकळीत धान्य भरण्याच्या बळदाला वर तोंड व खाली काढण्याचे छिद्र असे. जमिनीत खणलेल्या पेवांत ज्वारी भरून तोंडे मातीने बंद करीत. मौल्यवान वस्तूंसाठी तळघरे, भिंतीतील चोरकप्पे व कोनाड्यांमागील खोबणी असत. अशा घरात कोठे काय आहे, हे कुटुंबातील मोजक्यांनाच ठाऊक असे.

बाहेरून साधेपणा व आतून समृद्धी, हा या घरांचा मुख्य विशेष म्हणता येईल. कोरीव हस्त, नक्षीदार तुळया, गुळगुळीत घोटलेला चुना हे सर्व चौकाकडे तोंड करून असते. रस्त्याला त्याचा मागमूस लागत नाही. १६७० च्या लुटीसारखे प्रसंग पाहिलेल्या नगरात वैभव दाखविण्यापेक्षा ते झाकणे शहाणपणाचे होते. करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेलाही हाच न्याय लागू होता.

व्यापाऱ्यांच्या हवेल्या : कारंज्यातील घरांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती ‘कस्तुरीची हवेली’. लेकूर संघई नावाच्या जैन व्यापाऱ्याशी तिची आख्यायिका निगडित आहे. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. सबंध तांड्याचा माल कोण घेणार, असे तो हिणवून म्हणाला, तेव्हा गावाची पत राखण्यासाठी या सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकाम चालू असलेल्या आपल्या हवेलीच्या गाऱ्यात कालविली, अशी ही कथा आहे. तिची ऐतिहासिकता तपासण्याचे साधन नाही. परंतु कथेतील मूल्ये बोलकी आहेत. व्यापाऱ्याची खरी संपत्ती म्हणजे त्याची व त्याच्या नगराची पत, हा तिचा मथितार्थ. कस्तुरी भिंतीत गेली म्हणजे ती दिसत नाही, फक्त दरवळते. वैभव झाकूनही त्याचा लौकिक राखण्याची ही रीत वर वर्णिलेल्या घरांच्या रचनेशी सुसंगत आहे.

मध्यम व्यापाऱ्यांचे घर पुष्कळदा दुकानालाच जोडलेले असे. रस्त्यालगत ओटा, त्यामागे गादी व पेढी, आत वखार आणि मागे किंवा माडीवर राहते घर, अशी त्याची मांडणी असते. दिवसा फळ्या काढून दुकान उघडत व रात्री त्याच फळ्या खोबणीत बसवून ते बंद करीत. मालकाचे राहणे मालाजवळ असणे, हाच विम्याचा जुना प्रकार होता. अशी योजना इतर देशांतील व्यापारी नगरांतही आढळते. इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदरात मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या घरांखाली दगडी कमानींची तळघरे असून त्यांत मद्याची पिंपे ठेवीत व वर कुटुंब राही. एकाचा व्यापार जहाजांचा व दुसऱ्याचा बैलांच्या तांड्यांचा. परंतु माल, पेढी व कुटुंब एका छपराखाली ठेवण्याची गरज दोघांची एकच होती.

धार्मिक वास्तू व घरे : कारंज्यात धार्मिक वास्तू व राहते घर यांमधील सीमा अनेक ठिकाणी पुसट आहे. दत्तसंप्रदायातील नरसिंह सरस्वती यांचा जन्म येथे १३७८ मध्ये झाला, असे मानतात. गुरुचरित्रात त्यांचे जन्मग्राम म्हणून कारंजानगराचा निर्देश आहे. काळे घराण्याचा वाडा हे त्यांचे जन्मस्थान अशी परंपरा असून, त्याचा शोध वासुदेवानंद सरस्वती (टेंबेस्वामी, १८५४–१९१४) यांनी घेतला, असे संप्रदायात मानले जाते. त्यानंतर १९३४ मध्ये ब्रह्मानंद सरस्वती यांच्या पुढाकाराने गुरुमंदिराची स्थापना झाली. एका कुटुंबाचे घर सबंध महाराष्ट्राचे तीर्थ बनल्याचे हे उदाहरण होय. यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे पुढे भक्तनिवास, भोजनालये व दुकाने यांची वाढ झाली आणि परिसरातील वस्तीचे स्वरूप पालटले.

बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांची पीठे कारंज्यात होती व त्यांची तीन मंदिरे आजही आहेत. काष्ठासंघ मंदिर तेथील लाकडी कोरीवकामासाठी विशेष नावाजलेले आहे. मंदिरांत काम करणारे सुतार व धनिकांच्या वाड्यांत काम करणारे सुतार एकाच परंपरेतील असल्याने, नष्ट झालेल्या हवेल्यांच्या अंतर्भागाची कल्पना येण्यास हे कोरीवकाम उपयुक्त ठरते. मंदिरांतील ग्रंथभांडारांत अनेक संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश हस्तलिखिते सुरक्षित राहिली. हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत त्यांच्या आधारे अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले. पुष्पदंताचा णायकुमारचरिउ हा त्यांपैकी एक. लुटारूंना ज्याची किंमत नव्हती, ते ग्रंथरूपी धन अशा प्रकारे टिकून राहिले. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली.

सर्वसामान्यांची घरे : वाडे व हवेल्या यांत राहणारे लोक नेहमीच थोडे होते. कारागीर, हमाल, शेतमजूर व लहान शेतकरी यांची घरे एक-दोन खणांची, मातीच्या भिंतींची असत. त्याहून गरिबांच्या झोपड्यांना तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे कूड असून त्यांवर आतून-बाहेरून शेणमातीचा लेप दिलेला असे. छपरासाठी गवत किंवा कुंभाराने थापलेली कवेलू वापरीत. विणकराच्या घरात मागाची खोली हीच राहण्याची खोली असे. कुंभाराच्या घरापुढे चाक व भट्टीसाठी मोकळी जागा लागे. मुसलमान मोहल्ल्यांत स्त्रियांच्या एकांतासाठी दरवाजासमोर आडभिंत किंवा पडदा ठेवण्याची पद्धत होती.

अशा घरांचे आयुष्य अल्प असे. आग, अतिवृष्टी किंवा साथ यांनंतर ती पुन्हा उभारावी लागत. १८९६ नंतर पसरलेल्या प्लेगच्या काळात वऱ्हाडातील अनेक गावांचे लोक घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. अंधाऱ्या, दाट वस्तीतील घरे आरोग्यास अपायकारक आहेत, ही जाणीव त्यानंतर दृढ झाली. या घरांचे अवशेष राहत नाहीत. म्हणून नगराच्या इतिहासात मोजक्यांची घरे अनेकांच्या घरांपेक्षा मोठी दिसतात. हा दोष लक्षात घेऊनच जुन्या वास्तूंचा पुरावा वाचला पाहिजे.

कापसाचा काळ व रचनेतील बदल : १८६१–६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यावर वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. हा मार्ग मूर्तिजापूरवरून गेला व कारंजा बाजूला राहिले. अकोला, खामगाव व अमरावती या पेठांना महत्त्व आले आणि तांड्यांच्या व्यापारावर वाढलेल्या कारंज्याचे जुने अग्रस्थान ढळले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग कारंज्यावरून गेल्याने त्याची काहीशी भरपाई झाली. पुढे हा मार्ग ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झाला. सरकी काढण्याचे कारखाने निघाले व वस्ती तटाबाहेर पसरू लागली.

या काळातील घरे रस्त्याकडे तोंड करतात. माडीला सज्जा, नक्षीदार कठडा, उंच खिडक्या व रंगीत काचा आल्या. ओतीव लोखंडाचे खांब, मंगलोरी कौले व पुढे पत्रे हे साहित्य रेल्वेने स्वस्तात मिळू लागले. दरवाजावर गणेशपट्टीबरोबर बांधकामाचे साल कोरण्याची प्रथा रूढ झाली. अंतर्भागात चौक कायम राहिला, पण देवडीचे महत्त्व कमी झाले. संपत्ती लपविण्याची गरज उरली नाही. उलट ती दिसल्याने पत वाढते, असा अनुभव येऊ लागला. घराच्या दर्शनी बाजूचा हा पालट सत्तांतराचा जितका, तितकाच बँक, न्यायालय व पोलीस या संस्थांवर बसलेल्या विश्वासाचा निदर्शक आहे.

ऱ्हासाची कारणे : १९०१ मध्ये कारंज्याची लोकसंख्या सु. १६,५०० होती, २०११ मध्ये ती सु. ६८,००० झाली. चौपटीहून अधिक वाढलेल्या या वस्तीने जुन्या गावाभोवती सिमेंट-काँक्रीटच्या नव्या वसाहती उभारल्या. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन कारंजा वाशिम जिल्ह्यात आले. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जवळून गेल्याने भूखंडांचे महत्त्व वाढले. जुन्या गावातील घरांवर मात्र अनेक कारणांचा एकत्र आघात झाला.

पहिले कारण वारसाविभागणी. एकत्र कुटुंबासाठी बांधलेला वाडा चार भावांत वाटला गेला, की चौकात भिंत उभी राहते. उजेड, वारा व पाण्याचा निचरा तिन्ही बिघडतात. सामाईक छपराची दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न न सुटल्याने ती कोणीच करीत नाही. दुसरे कारण भाडेनियंत्रण. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ दीर्घकाळ लागू होता व २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. भाडेकरूंना त्यामुळे आवश्यक संरक्षण मिळाले. पण गोठलेल्या भाड्यातून मोठ्या वाड्याची देखभाल होणे अशक्य झाले. तिसरे कारण स्थलांतर. शिक्षण व नोकरीसाठी पुढची पिढी शहरांत गेली आणि घरांना कुलपे लागली. धाब्याच्या घराला दरवर्षी माणसाचा हात लागतो. दोन-तीन पावसाळे बंद राहिलेले घर चौथ्या पावसाळ्याची शाश्वती देत नाही. चौथे कारण कारागिरांचा अभाव. तुळई बदलणे, चुना मळणे, माती चोपणे ही कामे जाणणारे गवंडी व सुतार विरळ झाले. जुन्या सागवानाला चांगली किंमत येत असल्याने घर दुरुस्त करण्यापेक्षा ते उतरवून लाकूड विकणे फायद्याचे ठरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर मातीच्या घरांविषयी सर्वत्र भीती निर्माण झाली. ती निराधार नव्हती. तथापि नीट जोडलेला लाकडी सांगाडा असलेले घर व केवळ दगडमातीच्या भिंतींवर तोललेले घर यांतील फरक लोकांच्या मनात राहिला नाही. दुरुस्तीयोग्य घरेही धोकादायक म्हणून पाडली जाऊ लागली.

जतनाचे प्रश्न : प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ हा केंद्रीय कायदा व त्याच धर्तीवरील महाराष्ट्राचा १९६० चा कायदा यांचा भर मुख्यतः किल्ले, लेणी, मंदिरे व मकबरे यांसारख्या स्मारकांवर आहे. राहत्या घरांना त्यांचा लाभ क्वचितच मिळतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची सूची व नियमावली अस्तित्वात आहे. लहान नगरांत अशी सूची तयार करण्याचे काम बहुतांशी मागे पडले आहे. याउलट इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर राहत्या घरांसह लक्षावधी इमारतींची प्रतवारीनुसार नोंद झाली. ब्रिस्टलमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीचे एका साखरव्यापाऱ्याचे घर संग्रहालय म्हणून राखले असून, त्या संपत्तीमागील वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमांचा इतिहासही तेथे सांगितला जातो. भारतात अहमदाबादच्या जुन्या नगराला, तेथील पोळींतील लाकडी घरांसह, २०१७ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. व्यापाऱ्यांची राहती घरे हाही राष्ट्राचा ठेवा होऊ शकतो, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

कारंज्यासारख्या नगरात सर्व घरे राखणे शक्य नाही व ते इष्टही ठरणार नाही. अंधाऱ्या, पडक्या घरात राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. परंतु पाडण्यापूर्वी प्रत्येक जुन्या घराचे मोजमाप, नकाशा व छायाचित्रे घेणे, खणांची संख्या व लाकडाचे तपशील टिपणे आणि घराच्या बांधकामाविषयी वृद्धांना असलेली माहिती नोंदविणे, हे अल्प खर्चाचे काम आहे. मोक्याचे काही वाडे यात्रेकरूंचे निवास, वाचनालय किंवा शाळा म्हणून वापरात आणता येतील. मातीचे छप्पर वापराशिवाय टिकत नाही; त्यामुळे कुलूप लावून केलेले जतन हा येथे वदतोव्याघात ठरतो. लुटीतून व सत्तांतरातून सावरलेल्या या नगराची घरे दुर्लक्षातून सावरतील किंवा नाही, हे त्यांच्यात कोणी राहते किंवा नाही यावर ठरेल.